गोंद्याच्या गाडीला काय नेसावं

जबलपूर, सी.पी.
माघ, शनिवार दुपार

प्रिय विनू,

हात तुझ्या आईचा आहे आणि तोंड माझं आहे, एवढं आधी ध्यानात घे. अक्षर सुबक दिसलं तर श्रेय तिचं, मजकूर वाकडा वाटला तर मला बोल. मला अक्षरओळख नाही आणि त्यावाचून आजवर माझं काही अडलंही नाही. पण ही काय लिहून राहिली आणि काय गाळून राहिली ते मला कळत नाही, म्हणून दर चार ओळींनी वाचून दाखवायला लावते. मघाशी मी सांगितलं होतं की तुझी आई वाळली आहे. वाचताना ते वाक्य काही ऐकू आलं नाही. तेव्हा पुन्हा सांगते आणि माझ्यासमोर लिहून घेते: तुझी आई वाळली आहे. आता बरोबर.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. सगळं ठीक आहे, असं तू लिहितेस. तुझी आई म्हणाली, सगळं ठीक असणारी बाई ते एवढ्या ठळक अक्षरात लिहीत नाही. मला काय, ठळक आणि बारीक सारखंच. पण तुझ्या सासूबाई तू त्या घरात जाण्याआधीच गेल्या, दाई नदीपलीकडच्या गावात राहते, दिवस माघ सरता सरता भरतील आणि आमचा जावई अंबादास शाळेत शिकवून आला की भात शिजवतो, एवढं मला ऐकूनच समजलं. भात शिजवतो ही चांगली गोष्ट आहे. आपल्या घरातल्या पुरुषांना भात कुठल्या झाडाला लागतो तेही ठाऊक नाही. पण बाळंतपण काही भातानं होत नाही, पोरी. पहिलटकरणीच्या उशाशी माहेरचं बाईमाणूस हवं. या घरातली एकही लेक पहिल्या खेपेला माहेरी आल्यावाचून राहिलेली नाही. तुझ्याच वेळी तेवढी दाराला कडी.

ती कडी तुझ्या बाबांनी लावली. आपण भोसल्यांच्या कचेरीतली माणसं आणि तू कोष्ट्याच्या, मागावर बसणाऱ्या घरात गेलीस, तेही आर्यसमाजात चार माणसं गोळा करून. त्याला दोन दिवाळ्या झाल्या. भोसले जाऊन किती पिढ्या झाल्या ते मला मोजता येत नाही, पण भय्याच्या, तुझ्या बाबांच्या, डोक्यातली कचेरी अजून उघडी आहे. संध्याकाळी येतो, जेवतो आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसतो. त्याला वाटतं कागदाआड माणूस दिसत नाही. तो एकदा तोंडानं म्हणेल की विनूला घेऊन या, म्हणून मी कार्तिकापासून वाट बघितली. तुझी आई त्याच्या ताटात वाढताना वाट बघायची, मी इथे खाटेवरून. आता तुला आणायचे दिवसच राहिले नाहीत. या अवस्थेत तुला गाडीत बसवायचं नाही. का नाही, ते पुढे सांगते.

तेव्हा मी घरात जाहीर केलं की मला अमरकंटकला जायचं आहे. नर्मदामाई बोलावून राहिली, असंही म्हटलं. अमरकंटक हे फक्त भय्यासाठी. तुझ्या आईला मी त्याच रात्री सांगितलं की सामान तुमसरचं, तुझ्याकडचं, बांधायचं आहे. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना तिच्या हाताला नेहमीपेक्षा वेग होता.

तेव्हापासून माझ्या जिवाला बसू तिथे बसवत नाही. मधल्या खोलीत ट्रंक उघडी पडली आहे. सकाळी भरते, दुपारी रिकामी करते, संध्याकाळी पुन्हा भरते. पहाटे छोट्या लाइनच्या गाडीची शिटी ऐकू आली की वाटतं, ही गेली, आणखी एक दिवस गेला, आणि तिकडे ती एकटी पाणी भरून राहिली असेल. तुझी आई म्हणते, सासूबाई, थोडं पडा. पडून काय करू, आढं मोजू?

आता कपड्यांचं ऐक. प्रवासाला नेसताना आपली माणसं एक चूक हमखास करतात. वाटेसाठी नेसत नाहीत, निरोप द्यायला आलेल्यांसाठी नेसतात. स्टेशनावर उभी असलेली चार माणसं घडीभर बघतात आणि घरी जातात. गाडीत दिवसभर ते कापड अंगावर वागवायचं असतं ते आपल्याला. छोट्या लाइनचं इंजिन म्हणजे उघडी भट्टी. खिडकीतून कोळशाचे कण आत येतात आणि रेशमावर पडले की तिथे भोक. पांढरं नेसलं तर नैनपूर येईपर्यंत माणूस काजळीचं होतं. म्हणून कापड सुती हवं, सूत भरीव हवं आणि रंग मळखाऊ. काठ अरुंद असावा, रुंद काठ घोट्याला घासतो. आणि नवं कोरं तर मुळीच नेसू नये. नव्या कापडाची अंगाशी ओळख झालेली नसते, ते दिवसभर परक्यासारखं ताठ उभं राहतं. दोनतीनदा भिजवून, पिळून, उन्हात मऊ होऊ द्यावं.

हे शहाणपण मला कुठून आलं तेही सांगते, कारण हे तुला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या पहिल्या खेपेला मला सागरला माहेरी नेलं ते दमणीतून, बैलांच्या. रेल्वे तिकडे तेव्हा नव्हतीच. आमच्या सासूबाईंनी मला लग्नातला शालू नेसवला. जबलपूरच्या सुभेदारांच्या घरची सून रस्त्यानं चालली तर लोकांना दिसायला नको का! जरीचा काठ, गळ्यात ओझं आणि सातवा सरलेला. दर धक्क्याला ती जर पोटाला टोचायची. सोडता येईना, कारण दमणीत पुढे बसलेले सासऱ्यांचे चुलतभाऊ, आणि बरोबर बाई कोणी नाही. माझी आई सागरला दारात ओवाळणीचं ताट तयार ठेवून बसली होती. दमोहच्या अलीकडे मला कळा सुरू झाल्या. रस्त्याकडच्या शेतातून एक बाई धावत आली. कोण, कुठली, मी कधी विचारलं नाही. तिनं आधी माझा शालू फेडला आणि स्वतःचं धुतलेलं जुनेर मला गुंडाळलं. त्या जुनेराइतकं मऊ काही मी त्यानंतर अंगाला लावलेलं नाही. मुलगी झाली होती. तिला नाव ठेवायची वेळ आली नाही.

तुझ्या आईनं लेखणी खाली ठेवली आहे. तिलाही हे आजच कळलं. भय्याला तर मी कधीच सांगितलं नाही. तर या कारणानं तुला मी गाडीत बसू देणार नाही, आणि या कारणानं इकडून कुणीतरी निघायलाच हवं, ओवाळणीचं ताट घेऊन दारात बसणं मला चालायचं नाही. लिही बाई, लिही, पुढचं हसायचं आहे.

बुधवारी आम्ही दोघी टांगा करून बड्या फुहाऱ्याच्या बाजाराला गेलो. माझा दरबार टांग्यातच भरला. मी उतरले नाही, श्यामसुंदर कापडवाल्यानंच माल रस्त्यावर आणून दाखवला. तू लहान असताना तुला बाहुलीसाठी चिंध्या द्यायचा तोच हा. आता पोट सुटलं आहे आणि नकली रेशीम विकतो. एक झुळझुळीत ठाण माझ्या मांडीवर पसरून म्हणतो, माताजी, देखिए, बिलकुल हवा है. मी म्हटलं, भैया, हवा पहनकर रेल में बैठने की उमर गई. तो हसला, पण ठाण काही उचलेना. तुझी आई मान खाली घालून दुसरंच काहीतरी चाचपत बसली होती. बघते तर सोलापुरी चादर. जाड, घट्ट विणीची, निळ्यावर तांबड्या पट्ट्यांची. मुठीत धरून सोडून बघत होती. हात चांगला आहे तुझ्या आईचा, फक्त तो काय निवडतो ते तिला कुणी कधी विचारत नाही. चादर घेतली. नैनपूरच्या पुढे डोंगरातली थंडी हाडात शिरते, आणि पांघरून झाल्यावर तीच बाकावर अंथरता येते, तीच गुंडाळली की उशी. प्रवासातली वस्तू अशी दोनतीन कामांची असावी. एकाच कामाची वस्तू म्हणजे बरोबर घेतलेला जावई. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवू नकोस. नाहीतर दाखव, तो भात शिजवतो, त्याला लागू नाही.

लुगडं मात्र फुहाऱ्यावर मनासारखं मिळालं नाही. मग मला आठवलं. तुम्ही लग्नानंतर पाया पडायला आलात तेव्हा अंबादासनं तुमसरजवळच्या मोहाडीहून वडिलांच्या मागावरचं एक लुगडं आणलं होतं. भय्यानं त्याला हात लावला नाही आणि तुम्हांला ओट्यावरूनच परत पाठवलं. ते लुगडं कुणी फेकलं नाही, कुणी नेसलंही नाही, फडताळात सगळ्यांत वर जाऊन बसलं. ते मी काढायला लावलं. मुठीत आवळलं, चुणी राहिली नाही. काठ दोन्ही हातांनी ओढला, सूत सरकलं नाही. रंग पिकल्या जांभळाचा, त्यावर काजळी काय, सगळं इंजिन सांडलं तरी दिसायचं नाही. म्हटलं, हे. तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं की तुम्ही आलवण नेसणार, मग हे काठाचं कशाला. मी म्हटलं, उशाशी घेईन. ते भिजवलं, वाळवलं, आणि मग मला वाटलं, चालताना कसं पडतं ते बघायला हवं. मला उभं राहून बघता येत नाही, म्हणून तिलाच नेसवलं आणि अंगणात चालायला लावलं. पायरी चढ, उतर, पुन्हा चढ, कासोटा सुटतो का बघ. गाडीचा पाय उंच असतो आणि छोट्या लाइनवर कुठे कुठे फलाटच नसतो. ती बिचारी लेफ्टराइट करून राहिली आणि मी खाटेवर साहेबासारखी बसलेली.

मग चोळ्या. आतून कप्पा असलेल्या, वर बटण. कनवटीला बांधलेलं कधी गळून जाईल सांगता येत नाही, झोप लागली की गेलंच. दोन चोळ्या तिनं शिवल्या, माप तिचंच घेतलं. आता मी विधवा, चोळी घालत नाही हे अख्ख्या दीक्षितपुऱ्याला माहीत आहे. तिनं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हे घर असंच चालतं, विनू, तुला आठवत असेलच.

वहाणांची तर गंमतच झाली. तुझ्या आईनं या घरात आल्यापासून पायात काही घातलेलं नाही, सासूसमोर कशी घालणार? सासू आहे अजून जिवंत. चांभार घरी बोलावला. जाड तळाच्या, मागून पट्टा असलेल्या, कारण नुसत्या अंगठ्याच्या वहाणा गाडीत चढताना रुळावर पडतात आणि मग माणूस एका पायानं पोचतं. मी म्हटलं, माझ्या पायांना सूज आहे, हिच्या पायाचं माप घे. चांभारानं घेतलं. काल त्या आल्या. तिला म्हटलं, घाल आणि चाल, नवं चामडं चावतं ते घरीच चावून घ्यावं, वाटेत नको. घालायला तयार होईना. शेवटी मी दुसरीकडे तोंड फिरवलं तेव्हा घातल्या. चालली कशी, तर गरम वाळूवर चालल्यासारखी. पण विनू, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिची मान वर झाली होती. मी तोंड फिरवलं होतं, डोळे नाही.

आणि आता धर्माचं. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. त्यात ते घर दुसऱ्या जातीचं. म्हणून मी ट्रंकेत शेगडी घातली, पातेलं, तांदूळ, डाळ, मीठ, दुधात भिजवलेल्या दशम्या, वर फिरकीचा तांब्या. टांगेवाल्याला उचलून बघायला सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी जोर केला, लाल झाला आणि विचारलं, अम्मा, इसमें किसको बंद किया है? म्हटलं, आमच्या खापरपणजोबांना. मग मी विचार केला. गोंद्याच्या स्टेशनावर गाडी बदलायची. एकट्या बाईनं हे ओढायचं कसं? शेगडी काढली. पातेलं काढलं. तांदूळ काढले. धर्म उचलेना, म्हणून तो घरीच ठेवला. तांब्या तेवढा राहिला. नैनपूरपर्यंत त्यातलं पाणी पुरेल. पुढे स्टेशनावर जो देईल त्याच्या हातचं आणि तिथे पोचल्यावर तुझ्या हातचं. दशम्या मात्र आहेत, त्या अंबादाससाठी. रोज भातच खातो बिचारा.

आता कालची गोष्ट. संध्याकाळी मी टांगेवाल्याला गोंद्याच्या गाडीची वेळ विचारत होते आणि भय्या मागे येऊन उभा राहिलेला मला कळलाच नाही.

"आई," तो म्हणाला, "अमरकंटकला कटनीवरून जातात."

मी म्हटलं, मी लांबच्या रस्त्यानं जाणार आहे. त्याचं लक्ष ट्रंकेशेजारच्या वहाणांकडे गेलं. बराच वेळ बघत होता. दर दिवाळीला माझ्या पाया पडतो, माझा पाय केवढा आहे ते त्याला माहीत आहे. म्हणाला, "या तुझ्या पायात यायच्या नाहीत." आणि आत गेला. जेवायला बसला तेव्हा नेहमीसारखं वर्तमानपत्र. आज सकाळी उठून बघते तर चादरीच्या वळकटीची सुतळी सोडलेली, आणि तिच्या जागी त्याच्या दौऱ्याच्या बिस्तऱ्याचा चामडी पट्टा करकचून बांधलेला. तो विरघळला असा अर्थ लावू नकोस. तुला हाक मारायला त्याला अजून वेळ लागेल, कदाचित माझा वेळ त्याआधी संपेल. पण त्यानं अडवलं नाही. मला आज तेवढं पुरे.

तर आता हे पत्र काहून लिहायला घेतलं ते सांगते. मी येत नाही, विनू. माझे गुडघे ओट्याच्या पायरीशी रुसून बसतात. मला गाडीत चढवायला दोन हमाल आणि उतरवायला चार लागतील, आणि तिथे पोचून मीच तुझ्यापुढे आडवी पडेन. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं, जनाना डब्यात, तुझी आई निघते आहे. अंबादासला संध्याकाळी गोंद्याच्या फलाटावर उभं राहायला सांग. ती एकटी कधी शेजारच्या कटंगीच्या पुढे गेलेली नाही, पण ते तिला आता कळू देऊ नकोस. मी तिला तोंडावर जा म्हटलं असतं तर ती नवऱ्याला विचारायला गेली असती. त्यानं नाही म्हटलं असतं, कारण विचारल्यावर त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. न विचारता होणारी गोष्ट तेवढी तो होऊ देतो. म्हणून मी तिला सांगत नाही, तुला सांगते आहे, तिच्याच हातानं. पेटीत पडलेलं पत्र परत येत नाही, आणि सासूचा शब्द खोटा पाडायची तिची हिंमत नाही. घरची काळजी करू नका. भय्याला मी जेवायला घालीन. लहान होता तेव्हा घालतच होते, तेव्हाही तो फार बोलायचा नाही.

लेखणी थांबली आहे. मी मुद्दाम तिच्याकडे बघत नाही. बाहेर बोरंवाला ओरडून गेला, तिनं पान उलटलं नाही. मग म्हणाली, "पायांवर सूज आहे का, ते विनूनं लिहिलंच नाही." मी म्हटलं, कागद तुझ्याच हातात आहे, विचार की. तिनं लेखणी दौतीत बुडवली, निथळली, आणि पुसून बाजूला ठेवली.

"विचारत नाही," म्हणाली. "जाऊनच बघते."

हेही लिही म्हटलं. लिहिलं की नाही ते मी वाचून घेत नाही, ते तूच बघ.

तुझीच, गुडघ्यांनी जबलपुरात अडवून ठेवलेली,
आजी